हं म्हणजे हो नव्हे

आमच्या मजल्यावर तिला सगळे हंमावशी म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याचे कान शाबूत होते. तुम्ही तिच्याशी काहीही बोला, जिन्यातला दिवा गेल्याचं सांगा, वरच्यांचा नळ गळतोय म्हणा, नाहीतर स्वतःच्या सुनेच्या कागाळ्या करा, ती मान जराशी कलती करून ऐकते आणि मध्ये मध्ये म्हणते, "हं." त्या हं मध्ये कधी 'पुढे सांगा' असतं, कधी 'अरेरे', कधी 'असं कसं बाई', आणि बहुतेक वेळा नुसतं 'मी आहे इथे'. होकार मात्र त्यात क्वचितच असतो. हे कळायला मला तिच्या समोरच्या खोलीत बरीच वर्षं काढावी लागली.

मी स्वतः एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर जन्म काढला. तिथे हं म्हणायला सक्त मनाई होती. कुठल्या वॉर्डातून काय मागवलं ते मी परत वाचून दाखवायचे आणि पलीकडून हं आलं की माझा पारा चढायचा. बरोबर आहे म्हणून हं, की नुसतं ऐकतोय म्हणून हं? डॉक्टर असोत नाहीतर आणखी कोणी, मी सगळ्यांना हो किंवा नाही म्हणायला लावायचे, आणि माझ्यामागे ते मला काय म्हणायचे तेही मला माहीत आहे. तेव्हा हंमावशीवर मी सुरुवातीला चांगलीच करवादायचे. एकदा तर म्हटलं, "अगं, हो म्हण नाहीतर नाही म्हण, मध्येच लोंबकळत राहू नकोस." त्यावर तिने मान कलती केली आणि म्हणाली, "हं." आता अशा बाईवर माणूस किती वेळ चिडणार?

तिचं काम अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करण्याचं. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, चमच्याने पातळ भरवणं. पण ही कामं तर कितीतरी बायका करतात. हिला एका घरातून दुसऱ्या घरात बोलावणं यायचं ते तिच्या ऐकण्यामुळे. म्हातारी माणसं तेच तेच सांगत बसतात, घरच्यांचे कान किटलेले असतात, पोटची मुलंसुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून 'कळलं, कळलं' म्हणतात. हंमावशी मात्र तीच गोष्ट शंभराव्यांदा ऐकतानाही हं म्हणायची जागा चुकवायची नाही. पूल बांधणारे एक इंजिनिअर आजोबा होते, त्यांच्याकडे ती सहा-सात वर्षं होती. वाहून गेलेल्या एका पुलाची गोष्ट ते रोज सांगायचे आणि पूल वाहून गेला की ही रोज तितकाच लांब हं सोडायची. आजोबा तिच्यावर इतके खूश की तिला पहिला मोबाइल त्यांनीच घेऊन दिला. तेव्हा ती खोल्या बदलत होती, राहत्या पत्त्याचा कागद तिच्याकडे नव्हता, म्हणून सिम त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे आजोबा गेले. नंबर तिच्याकडे राहिला आणि तो कुणाच्या नावावर आहे हे तीही विसरली.

तो नंबर हाच तिच्या लेकीचा एकुलता एक धागा होता, म्हणून एवढं सांगतेय.

लेक एकच. नवरा लवकर गेल्यावर हिने तिला एकटीने वाढवलं आणि एका रस्त्याच्या कामावर मशीन चालवणाऱ्याला दिली. माणूस दिसायला सभ्य, बोलायला गोड. लग्न झाल्यावर सगळ्यात आधी त्याने तिचा फोन काढून घेतला. मग मारायला लागला. रस्ता जसा पुढे सरकेल तसं यांचं बिऱ्हाड पुढे जायचं, पत्र्याच्या खोलीतून पत्र्याच्या खोलीत, त्यामुळे पत्ता असा कधी नव्हताच. त्याचा नंबर होता, तो त्याने बदलला आणि नवा दिला नाही. हंमावशीने त्याच्या जुन्या कंत्राटदाराकडे जाऊन चौकशी केली, तर तो तिथलं काम सोडून दुसरीकडे लागला होता.

लेक मात्र फोन करायची. कधी किराणा दुकानातून, कधी दवाखान्यातल्या एखाद्या बाईच्या फोनवरून, कधी रस्त्यावर कुणाला तरी विनवून. दर वेळी अनोळखी नंबर. आईचा नंबर तिला तोंडपाठ होता आणि तेवढाच पाठ होता. हिने ही खोली लेकीच्या लग्नानंतर घेतली, त्यामुळे तिने ती पाहिलेलीही नव्हती. पत्ता फोनवर सांगून झाला होता, पण लिहून ठेवायची सोय नव्हती, कारण नवरा गाठोडं, उशी, सगळं चाचपायचा. महिना दीड महिना झाला की फोन यायचा. लेक धाप लागल्यासारखी भडाभडा बोलायची आणि आमची हंमावशी कठड्याला टेकून हं, हं करायची. मला दारातून नुसते तेवढेच हं ऐकू यायचे आणि त्यांवरून मला कळायचं की आज मारलंय की नुसतं उपाशी ठेवलंय. एकदा फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, लेक निघायचं म्हणतेय. मोका मिळाला की बसस्टँडवर येईल, तिथून फोन करेल, मग मी सांगेन कुठली गाडी धर आणि कुठे उतर, मी घ्यायला उभी राहते. मी विचारलं, तू तिला ये म्हणालीस ना स्पष्ट? ती म्हणाली, "हं म्हटलं की. तिला कळतं."

पण त्या जुन्या फोनचा स्पीकर गेला होता. लेकीचा आवाज डबक्यात बुडवल्यासारखा यायचा. हंमावशी फोन कानात रुतवून ऐकायची, कान लाल व्हायचा, तरी अर्धे शब्द हातचे जायचे. बसस्टँडच्या गोंगाटातून लेक बोलली आणि गावाचं नाव कळलंच नाही तर, या धास्तीने तिने नवा फोन घ्यायचं ठरवलं.

मी म्हटलं, एकटी जाऊ नकोस, मी येते बरोबर. माझ्या ओळखीतल्या किती जणांना या दुकानांनी टोपी घातलीय ते मी पाहिलेलं. मी तिला बसवून सगळं सांगितलं. दारातच कुणी गोड बोलून हात धरला तर आत शिरू नकोस. ऑफर आज संध्याकाळी संपतेय असं कुणी म्हणालं तर उद्या येते म्हण, उद्याही ती संध्याकाळीच संपत असते. खोकं तुझ्यासमोर उघडायला लाव, आणि त्याची चिकटपट्टी आधी कुणी कापून परत लावली नाही ना ते बघ, नाहीतर दुसऱ्याने परत केलेला फोन नवा म्हणून गळ्यात मारतील. जे फुकट म्हणून देतील ते कशाला देतायत ते विचार. जुना फोन हातातून सोडू नकोस. कशावरही बोट टेकवू नकोस. आणि मुख्य म्हणजे तोंडातून तो हं काढू नकोस. ती सगळं मन लावून ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला काय म्हणत होती ते सांगायची गरज नाही.

रविवारी जायचं ठरलं होतं. गुरुवारी ती ज्या घरी कामाला होती तिथल्या आजींना तपासणीला नेलं, हिला अर्धा दिवस मोकळा मिळाला आणि परत येताना ती एका मोबाइलच्या दुकानावरून आली. आत जायचा विचार नव्हता, असं ती नंतर म्हणाली, आणि मला ते खरं वाटतं. दुकानाच्या दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक विक्रेती उभी होती. वय साधारण लेकीएवढं. ती पुढे आली आणि म्हणाली, "आई, उन्हात कशाला उभ्या आहात, आत या ना."

लेकीच्या लग्नापासून हिला समोरासमोर कुणी आई म्हटलं नव्हतं.

आत एसी होता, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती मुलगी भराभरा, एका श्वासात बोलत होती, लेक बोलते तशी. तिच्यावर टार्गेट होतं, महिना संपत आला होता, नवीन सिम गेल्याशिवाय तिचा पगार पूर्ण होणार नव्हता. हे मला नंतर दुकानात उभी असताना तिच्याच मॅनेजरच्या तोंडून कळलं, आणि कळून माझा राग कमी झाला नाही. आई, या फोनचा आवाज बघा किती मोठा. हं. आई, तुमचं जुनं सिम मोठं आहे, ते यात बसणार नाही. हं. मी तुम्हाला नवीन सिम फुकट देते, सगळ्यांना देत नाही. हं. जुना नंबर नंतर आपोआप याच्यावर येईल, तुम्ही काळजी करू नका. हं. जुना फोन इथेच ठेवा, त्याचे पैसे कमी करते. हं. इथे जरा बोट टेकवा, आई. आणि या बाईने बोट टेकवलं.

वास्तविक जुनं सिम कापून बसवता आलं असतं, किंवा त्याच कंपनीकडून लहान करून मिळालं असतं. नंबर आपोआप कुठून कुठे येत नसतो. पण नवं सिम खपल्याशिवाय त्या मुलीच्या खात्यात काही पडत नव्हतं, म्हणून जुनं सिम निकामी ठरवलं गेलं. हंमावशी ऐकत होती, नुसती ऐकत होती, आणि प्रत्येक ऐकण्याची तिकडे संमती होत होती.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती खुशीत. फोनवर गाणं लावून दाखवलं. आवाज खरंच मोठा होता, पलीकडच्या खोलीतलं बाळ जागं झालं. मी विचारलं, नंबर तोच ना? ती म्हणाली, येणारेय की तो, आपोआप. मी माझ्या फोनवरून तिचा जुना नंबर फिरवला. बंद. मी तिला तिथेच वाट्टेल ते बोलले, अगदी तोंडाला येईल ते, आणि ती फोनचं खोकं छातीशी धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही शटरसमोर हजर. विक्रेती आली, हसली, आई कशा आहात म्हणाली. मी म्हटलं, जुना फोन आणि त्यातलं सिम परत दे, बाकी तुझं काही नको. तिने ड्रॉवर उघडून पाहिल्यासारखं केलं. जुने फोन काल संध्याकाळीच भंगारवाला पोत्यात भरून घेऊन गेला होता. सिम वेगळं काढून ठेवतात का, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, ते कोण कशाला ठेवेल, कचऱ्यात जातं. मग माझा आवाज चढला. इस्पितळात मी तीन मजल्यांपर्यंत ऐकू जायचे, ते कसब अजून गेलेलं नाही. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी म्हटलं, या बाईला फसवलंय तुम्ही, हिला काहीएक न विचारता नंबर बदललाय.

विक्रेती रडवेली झाली, पण मागे हटली नाही. "मॅडम, मी एक गोष्ट न विचारता केली नाही. प्रत्येक गोष्ट विचारली. सिम नवीन देऊ का विचारलं, जुना फोन ठेवू का विचारलं. सगळ्याला त्या हं म्हणाल्या." मग ती हंमावशीकडे वळली. आवाज एकदम मऊ केला. "आई, तुम्हीच सांगा. मी विचारत होते आणि तुम्ही हं म्हणत होतात, बरोबर ना?"

हंमावशीने मान कलती केली होती. मी तिचा दंड धरला, पण उशीर झाला.

"हं," ती म्हणाली.

मॅनेजरने हात झटकले. वर आमच्यावर उपकार म्हणून फोनला एक प्लॅस्टिकचं कव्हर दिलं, गुलाबी. ते ती घेऊनही आली.

मग कंपनीचं कार्यालय. तिथे काचेमागच्या माणसाने नंबर टाकून पाहिला आणि विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? नंबर पूलवाल्या आजोबांच्या नावावर. ते हयात नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, मग त्यांच्या वारसाला घेऊन या, मृत्यूचा दाखला आणा, सही करा, लगेच नंबर देतो. माणूस वाईट नव्हता. फक्त एक गोष्ट बजावून सांगितली, की नंबर फार दिवस बंद राहिला तर तो मोकळा होतो आणि दुसऱ्या कुणाला तरी जातो. मी विचारलं, तुमच्या मनात आलं तर थांबवता येईल ना? तो म्हणाला, माझ्या मनाला इथे विचारत नाहीत.

आजोबांचा मुलगा याच शहरात, मोठ्या घरात. हंमावशीने त्याच्या बापाची घाण काढली होती, शेवटचं पाणी तिने पाजलं होतं, तेव्हा हा विमानात होता. आम्ही त्याला फोन लावला. मी सगळं समजावून सांगितलं, लेकीचंसुद्धा सांगितलं, एका सहीचा प्रश्न आहे म्हटलं. तो म्हणाला, "हं हं, बघतो." दोन आठवड्यांनी परत फोन केला, परत हं हं. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उचलला आणि स्पष्टच सांगितलं की वडिलांच्या इस्टेटीवरून भावांमध्ये वाद चाललाय, वकिलाने त्यांच्या नावाच्या कुठल्याही कागदावर सही करायला मनाई केली आहे. साधा फोन नंबर आहे हो, मी म्हटलं. ती म्हणाली, आज नंबर म्हणता, उद्या आणखी काही निघेल. एवढं बोलून तिने ठेवला. जन्मभर हो की नाही ऐकायला आसुसलेली मी, पण ते नाही मला नको होतं.

आता हंमावशीचा दिवस कसा जायचा ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कामावर जायच्या आधी, आल्यावर, जेवायला बसताना ती त्या मोठ्या आवाजाच्या फोनवरून स्वतःचाच जुना नंबर लावायची. आतली बाई म्हणायची, हा क्रमांक सध्या सेवेत नाही. ही ऐकून घ्यायची. आधी त्या रेकॉर्डिंगलाही हं म्हणायची, मग तेही थांबलं. तिचं बोलणं तर आधीच कमी होतं, आता ऐकणंही गेलं. आजींच्या घरून निरोप आला की मावशी गप्प बसून असतात, आजी बोलत राहतात आणि मग रडतात की ही ऐकत नाही माझं. त्यांनी दुसरी बाई ठेवली. हंमावशी एका इस्पितळात फरशी पुसायच्या कामाला लागली, जिथे कुणी तिच्याशी बोलणार नव्हतं. मी तिला म्हटलं, अगं, निदान माझ्याशी तरी हं म्हण. ती म्हणाली, "नको ताई. भीती वाटते. कोण कशाला धरेल सांगता येत नाही."

लेकीचा फोन यायची वेळ होऊन गेली होती. पुढचीही गेली. मी जुन्या ओळखी काढून पोलिसांतल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, बायको नवऱ्याबरोबर आहे, पत्ता नाही, तक्रार नाही, कुठे शोधू?

आणि मग एके दुपारी ती माझ्या खोलीत बसलेली असताना तो नंबर लागला. रिंग वाजली. तिने फोन हातातून टाकलाच, मी उचलला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एका बाईचा आवाज होता, मागे यंत्रांची खडखड. मी ओळख दिली, हा नंबर आधी कुणाचा होता ते सांगितलं. बाई चांगल्या घरची, नीट बोलली. कपड्यांच्या कारखान्यात होती, नंबर घेऊन तिला महिनाही झाला नव्हता. मी विचारलं, या नंबरवर एखाद्या मुलीचा फोन आला होता का?

"आला होता ना," ती म्हणाली. "मी मशीनवर होते. आई, आई करून कुणीतरी इतकं भराभरा बोलत होतं, मला एक अक्षर कळेना. बाहेर येऊन विचारलं, कोण बोलतंय? तर म्हणाली, आई कुठे आहे, हा तिचा नंबर आहे. मी म्हटलं, बाई, हा नंबर आता माझा आहे, आधीच्या बाईंचा बंद झाला. मग ती म्हणाली, गेली का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मला वाटलं, ती बाई नंबर सोडून गेली का, असं विचारतेय. मी म्हटलं, हं."

माझ्या शेजारी हंमावशी बसली होती. तिने पदर तोंडात कोंबला होता.

त्या बाईला काय झालं ते कळलंच नव्हतं. मी तिला बोलून दोष देऊ शकले नाही, कारण तिची चूक अशी नव्हतीच. तिने शोधून तो नंबर वाचून दाखवला, ज्यावरून फोन आला होता. मी तो लावला. एका बसथांब्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईने उचलला. तिला मुलगी आठवत होती. अशी आठवण राहतेच म्हणाली. हातात एक पिशवी, एक डोळा सुजलेला, गाडीची वाट बघत होती, फोन मागितला म्हणून दिला. फोन झाल्यावर बाकावर बसून राहिली. टपरीवालीने चहा दिला, तो प्यायली नाही. विचारलं तर म्हणाली, माझी आई वारली आणि मला कुणी कळवलंही नाही.

"मग कुठे गेली?" मी विचारलं.

"गाडी आली होती. मी म्हटलं, अगं गाडी आली. ती म्हणाली, आता कुणाकडे जाऊ? मग रस्त्याच्या कामाचा डंपर आला, त्यात बसून आली त्या बाजूला परत गेली."

मी तिला सांगितलं, आई जिवंत आहे, माझ्या शेजारी बसली आहे, ती मुलगी दिसली तर एवढं सांगा. नवा नंबर लिहून घ्यायला लावला, परत म्हणून घेतला. बाईने मनापासून लिहून घेतला असणार. पण ती म्हणाली, त्या रस्त्याचं काम इथलं संपलंय, मशीनं पुढे गेली, कुठे गेली ते विचारून बघते. आम्ही अजून आठवड्याला एकदा तिला फोन करतो. ती अजून विचारून बघते आहे.

त्या दुपारी मी फोन ठेवला आणि धीराचं काही बोलायला लागले. सापडेल, कळेल तिला, अमुक करू, तमुक करू. बरंच बोलले. हंमावशी ऐकत होती की नाही कोण जाणे. मग तिने पदर तोंडातून काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघून बोलली.

"ताई, ती आता फोन करणार नाही. तिच्या लेखी मी मेलेय."